पाना न लावता ओढलेली रेघ

परी आत्ता झोपलीय, वरणभात खाऊन, आणि मी दोनदा उठून तिच्या नाकाखाली बोट धरून आलेय. श्वास चालू आहे. मला माहितीय चालू आहे, तरी उठते. आमचे हे हसतात, म्हणतात, तू दहादा गॅस बघतेस हे आता अख्ख्या मांजरी गावाला पाठ झालंय. मी पण हसते, काय करणार. सासूबाई म्हणतात, पहिलं मूल आहे, होतं असं. पण मला हे बाळंतपणात नाही लागलेलं, ते आधीचं आहे, धायरीच्या शेडमधलं आहे, आणि ती उठायच्या आत मला ते लिहून काढायचंय. नववीपर्यंत शिकलेली बाई आहे मी, थांबले की पुढचं सुचत नाही, म्हणून न थांबता लिहिते.

शेड म्हणजे कारखाना, पण तिथल्या कुणीच त्याला कधी कारखाना म्हटलं नाही. पुढे फरशीवाला, मागे म्हशींचा गोठा, आणि मधे पत्र्याच्या छपराखाली रेसच्या गाड्या बनायच्या. लोकांना खोटं वाटतं. माझ्या लग्नात सासरचे विचारायचे, वडील काय करायचे, मी सांगायची, रेसच्या गाड्यांचे फिटर होते, तर ते म्हणायचे, म्हणजे गॅरेज होतं का. गॅरेज नव्हतं. नवीन गाड्या बनायच्या, वर्षाला हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच, दोन माणसं जेमतेम मावतील अशा बुटक्या, बाजूला उभं राहिलं तर छप्पर माझ्या कमरेला लागायचं. लाकडाचा एक सांगाडा होता गाडीच्या आकाराचा. अॅल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवायचा, लाकडी हातोडीनं ठोकत ठोकत त्याला पोट आणायचं, सांगाड्यावर लावून बघायचा, बसला नाही की काढायचा, परत ठोकायचा. एका दरवाजाला आठवडा जायचा. वजन कमी करायला सगळ्याला भोकं पाडायचे, ब्रेकच्या पेडललासुद्धा, आई म्हणायची, तुमच्या गाडीपेक्षा माझ्या चाळणीला भोकं कमी हायेत. आमचं घर शेडच्या मागच्या गल्लीत. सकाळपासून ठप ठप ठप चालू असायचं, ते थांबलं की समजायचं एक वाजला, आणि आई कुकर उतरवायची.

शेड सुरू केली मोठ्या साहेबांनी. मी त्यांना बघितलं नाही, फोटो बघितला. पहिली गाडी त्यांनी भंगारातून जमवली, ती घाट चढायच्या शर्यतीत पहिली आली, आणि पुढच्या शर्यतीत उतरताना तिचं चाक निघालं. एक नट सैल राहिला होता, त्यांनी स्वतःच आवळलेला. ते वाचले, गाडी झाडावर गेली. ती गाडी शेडच्या दारात उभी होती, पुढचा पोचा तसाच, शंभर पोचे काढणारी माणसं तिथं होती पण त्याला हात लावायची परवानगी नव्हती. आणि आतल्या भिंतीवर त्यांनी तेव्हाच रंगानं लिहून घेतलेलं, अक्षरं पुसट झाली की दर दसऱ्याला परत गिरवायचे: आवळणारा हात वेगळा, तपासणारा हात वेगळा. म्हणजे असं, की एकानं नट आवळायचा आणि लगेच बाजूला व्हायचं. दुसऱ्यानं येऊन त्याला परत पाना लावून बघायचं, हलत नाही ना, मग ब्रशनं पिवळी रेघ मारायची, अर्धी नटावर, अर्धी खालच्या लोखंडावर. नट जरा जरी फिरला की रेघ तुटलेली दिसते. नंतर कागदावर सही.

ती पिवळी रेघ मारायचं काम माझं होतं.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मला शिकवायचं होतं. आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली माझी पुस्तकं ठेवायचे, त्यांच्यावर दुसरं काही ठेवलेलं चालायचं नाही, आईनं एकदा घाईत लसणाची टोपली ठेवली तर दोन दिवस बोलले नाहीत. पण आईचं कंबरेचं दुखणं निघालं, मंडईत तिची लिंबा-मिरचीची जागा, ती सोडली तर गेलीच, मग दहावीच्या वर्षात मी जाऊन बसायला लागले, आणि एकदा बसले की परत शाळेत जायला लाज वाटायला लागली. आई बरी झाली, मी नाही गेले. आबांनी माझी पुस्तकं तशीच फोटोखाली ठेवली. एक दिवस म्हणाले, "पुस्तकानं न्हाई तर हातानं शीक," आणि शेडमध्ये घेऊन गेले. आधी सीटची कव्हरं शिवली, मग गाडीवरचे नंबर रंगवायला लागले. माझा हात हलत नाही. कितीही घाबरले तरी हलत नाही, अजूनही. धाकट्या साहेबांनी, मोठ्या साहेबांच्या मुलानं, ते बघितलं आणि म्हणाले, अश्विनी, उद्यापासून तू खुणा कर. आबा त्या दिवशी घरी येताना मटण घेऊन आले, आणि आईला म्हणाले, "पोरीची सही चालती तिथं."

पहिल्याच आठवड्यात मी नियमाप्रमाणे आबांनी आवळलेल्या नटाला पाना लावला. आबा गाडीखाली होते, तिथूनच म्हणाले, "कोन हाय?"

"मी आहे."

"काय करतीस?"

"तपासतेय."

ते सरकत बाहेर आले, तोंडाला ग्रीस, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बापाचा हात तपासती व्हय? उद्या आईच्या भाकरीत पिन खुपसून बघशील, भाजली का न्हाई."

सगळे हसले. वेल्डिंग करणारे गणपतकाका हसत म्हणाले, "अहो, इन्स्पेक्टरबाई आल्या, सॅल्यूट मारा." आबा पण हसले, पण कान लाल झाले होते त्यांचे. मी ते कान बघितले. वीस वर्षं त्या माणसाचा एक नट सैल निघाला नव्हता, आधी खुणा करणारे शिंदेमामा पाना नुसता टेकवायचे आणि म्हणायचे, आवळलाय तर आवळलाय. मग मी पण तसंच करायला लागले. इतरांच्या नटाला पाना लावायची, आबांच्या नाही. आबांचा नट दिसला की सरळ रेघ, खाली सही. मला तो मान वाटायचा. खरंच वाटायचा.

आणि हे लिहायलाच पाहिजे, नाहीतर बाकीचं लिहून उपयोग नाही: मला आबांच्या हाताचं माहीत होतं. शेवटच्या वर्षात त्यांची उजवी बोटं सकाळी पांढरी पडायची. ग्राइंडर धरून धरून होतं तसं. चहाचा कप डाव्या हातानं उचलायला लागले, शर्टाची बटणं आई लावायची, वर टोमणा मारायची, नवरदेव झालात का. घरात हसण्यावारी गेलं. शेडमध्ये कुणाला सांगितलं नाही, कारण फिटरचा हात गेला म्हटलं की काय राहतं. घरी दरवाजा बंद करून बोटं शेकायचे, आणि मी बाहेर उभी राहून कुणी येतंय का बघायची.

गाडी चालवायचा तो निखिल. कर्वेनगरचा, इंजिनिअरिंगला होता, पण अर्धा वेळ शेडमध्ये, आबांच्या मागे मागे. आबांना गुरुजी म्हणायचा. आबा गाडी सुरू करून डोळे मिटून उभे राहायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, तिसऱ्या सिलेंडरला कमी पडतंय, तर हा पण शेजारी डोळे मिटून उभा. "गुरुजी, मला तर सगळं सारखंच ऐकू येतंय." आबा म्हणायचे, "तुला मोबाइल वाजलेला तरी ऐकू येतो का? आई चार वेळा फोन करती तुझी." गाडीत बसायच्या आधी तो एक चक्कर मारून माझ्या पिवळ्या रेघा बघायचा आणि मला म्हणायचा, "मॅडम, तुमची सही आहे ना? मग बसतो." दर वेळी. मी लाजायची. अठरा-एकोणीसची होते. त्यात तसलं काही नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगते, आणि खरंच नव्हतं, त्याला तर माझं आडनावसुद्धा माहीत नसेल.

त्या वेळची शर्यत खाली दक्षिणेत होती, ट्रक दोन दिवस आधी निघायचा. निघायच्या संध्याकाळी आबा पुढच्या डाव्या चाकापाशी बसले होते. स्टिअरिंगपासून चाकापर्यंत एक रॉड येतो, त्याचा शेवटचा नट, तो राहिला होता. ट्रकवाला हॉर्न मारत होता. मी ब्रश घेऊन उभी. आबांनी पाना उजव्या हातात धरला, ओढला, मग डाव्या हातात घेतला, परत उजव्या. मी बघितलं. "झाला," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पाना माझ्या पायाशीच पडला होता. मी वाकून उचलला असता तर दोन सेकंद लागले असते, आणि आबांचे कान लाल झाले असते. मी रेघ मारली. सरळ, सुंदर रेघ आली. सही केली.

रविवारी सगळी शेड जमायची शर्यत ऐकायला. बघायला नाही, ऐकायला. गणपतकाका ट्रकबरोबर गेलेले, ते तिकडं वळणाजवळ उभे राहून फोन हातात वर धरायचे, आणि इकडं आमचा फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवायचा, म्हणजे आवाज मोठा येतो. आईनं डबाभर चिवडा दिलेला. प्रत्येक फेरीला गाडी लांबून यायची, मोठी व्हायची, फोनमधून जायची आणि लांब जायची. आबा पातेल्यापाशी डोळे मिटून, हातानं गिअर टाकत, "आला... तिसरा... सुटला." सगळे गप्प, चिवडा चावायचा पण आवाज करायचा नाही. पाच-सहा फेऱ्या अशा गेल्या. मग परत गाडी आली, आणि आबांचा हात मधेच थांबला. मला काही वेगळं ऐकू आलं नाही. त्यांना आलं. त्यांनी डोळे उघडले. मग पातेल्यातून असा आवाज आला जसं कुणी लोखंडी कपाट जिन्यावरून सोडलं, आणि गणपतकाका, "अरे, अरे, अरे," इतकंच, आणि फोन चालूच. आबांनी दोन्ही हातांनी ते पातेलं झाकलं, पोरांनी ऐकू नये म्हणून आपण त्यांचे कान झाकतो तसं. निखिल तिथंच गेला.

चौकशी झाली. गाडी जळलेली, पुढची बाजू तुकडे तुकडे, नट सापडलाच नाही. बाहेरून दोन माणसं आली होती, धाकट्या साहेबांच्या केबिनमध्ये कागद पसरून बसलेली. माझी सही समोर. साहेबांचा चेहरा एका आठवड्यात म्हातारा झालेला. "अश्विनी," ते हळू म्हणाले, "घाबरू नकोस. ह्या नटाला पाना लावला होतास?"

दारात आबा उभे होते, टोपी हातात धरून. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

"हो."

"नक्की?"

"हो साहेब. नियमच आहे."

मी वाट बघत होते आबा बोलतील, आणि मनातल्या मनात म्हणत होते बोलू नका. ते वळून गेले. मग कागदावर आलं की गाडीत दोष नव्हता, मुलानं वळणावर वेग कमी केला नाही. पेपरातही तसंच आलं, लहान चौकटीत, मोठा फोटो घालून. वाचणारे म्हणाले, आजकालची पोरं. मंडईत आईच्या समोर एकजण बोलला तसं, आईनं त्याला लिंबं द्यायचं नाकारलं.

शेड त्यानंतर दोन वर्षंपण टिकली नाही. आता तिथं बिल्डिंग आहे. दारातली ती पोचा पडलेली गाडी कुणीतरी नेली. आबांनी पान्यांची पेटी गणपतकाकांना देऊन टाकली आणि एका सोसायटीत वॉचमनच्या खुर्चीवर बसले. माझं लग्न झालं. सहा वर्षं आबा आणि मी सगळं बोललो, पाऊस, भाव, परीचं नाव काय ठेवायचं. ते सोडून.

परी आठ महिन्यांची असताना पलंगावरून पडली. मी कडेला उशी लावली नव्हती, एका मिनिटात येते म्हणून गेले होते. कपाळाला टेंगूळ. सगळे धावत आले, काय झालं, काय झालं, आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, "फार वळवळी आहे ही, एका जागी राहतच नाही." सासूबाई म्हणाल्या, "लबाड आहे." सगळ्यांनी परीला लटकं रागावलं. ती हुंदके देत माझ्याकडं बघत होती, माझ्याकडंच. जो पडला त्याच्यावरच टाकून मोकळी झाले मी. परत.

दुसऱ्या दिवशी परीला घेऊन धायरीला गेले. आई भाकऱ्या थापत होती, आबा कांदा फोडत होते, डाव्या हातानं.

"आबा, मी निखिलच्या आईकडं जाणारेय. पाना लावला नव्हता, ते सांगायला."

आबांनी कांद्याची सालं गोळा केली. एकेक. मग म्हणाले, "माझ्या हाताचं बी सांगशील?"

"ते नाही सांगितलं तर अर्धंच होईल."

"लोक म्हनतील, पोराला मारला."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "म्हनू द्या की," ती म्हणाली, पाठ फिरवूनच. "सहा वर्सं तुमी सोताला म्हनताय, त्यापरीस काय वाईट म्हननार लोक?"

आबा उठले, इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला, बटणं लावायला आईसमोर उभे राहिले. जेवले नाहीत. "चल," म्हणाले.

कर्वेनगरला तिसरा मजला. काकूंनी दार उघडलं, आबांना ओळखलं. "शेडमधले ना आपण? आता काय राहिलंय?" पण आत घेतलं, पाणी दिलं. भिंतीवर फोटो, हेल्मेट हातात धरलेला. मी बसल्या बसल्या एका दमात सगळं सांगितलं, नट, पाना, आबांची बोटं, माझी सही, साहेबांना काय बोलले ते, मधे परी रडायला लागली तरी थांबले नाही, थांबले असते तर परत बोलता आलं नसतं.

काकूंनी फोटोकडं बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तो वेगात नव्हता?"

मी मान खाली घातली.

"मी रोज फोटो पुसताना त्याला रागावते. रोज. कशाला रे एवढी घाई होती तुला, म्हणते. ह्याचे बाबा जाईपर्यंत म्हणत होते, मस्ती नडली." त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त भीती वाटली. "सहा वर्षं मी त्याला बोलतेय. आणि तुम्ही रविवारी काय करत होतात, मटण खात होतात?"

आबा म्हणाले, "बाई, मी ऐकत हुतो. फोनवर."

"काय ऐकलंत?"

"त्यानं रोजच्यापरीस आधी वेग कमी केला. त्याला हातात कळलं असनार, स्टिअरिंग ढिलं पडलं ते. त्यानं गिअर खाली घेतला, मग अजून एक. घाबरून ब्रेकवर उभा न्हाई ऱ्हायला. जे करायला पायजे ते समदं त्यानं केलं, बरोबर, गडबड न करता. ऱ्हायलं ते माझं हुतं."

"हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"व्हय."

"आणि गप्प बसलात."

"व्हय."

मला वाटलं आता हाकलतील. हाकलायलाच पाहिजे होतं. मी परीला खांद्यावर घेतलं, पर्स उचलली. काकू उठल्या नाहीत. आबांच्या तोंडाकडं बघत म्हणाल्या, "कसा होता आवाज?"

आबांना कळेना. मग कळलं. त्यांनी डोळे मिटले, आणि त्या नीटनेटक्या हॉलमध्ये माझा म्हातारा बाप घशातून गाडीचा आवाज काढायला लागला, लांबून येणारा, मोठा होत जाणारा, मग एकदम खाली, एक गिअर, आणि अजून एक. परीला वाटलं खेळ आहे. ती खळखळून हसली. मी तिच्या तोंडावर हात ठेवला, तर काकू म्हणाल्या, "हसू दे तिला."

मग पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "परत करा. तिथपर्यंतच करा, पुढचं नको."

आबांनी परत लांबून सुरुवात केली.